न उठणारे इंजिन आणि निदानाची शिस्त

प्रशासनात काम करणाऱ्या माणसाला ट्रकच्या इंजिनाशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांना पडेल. पण जिल्ह्यात काम केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला विचारा. रेशनचे धान्य, निवडणुकीचे साहित्य, पूरग्रस्तांसाठी ताडपत्र्या, दुष्काळी गावांना पाणी, हे सारे अखेर ट्रकवरूनच जाते. मंत्रालयात झालेला निर्णय गावापर्यंत पोचला की नाही, हे पुष्कळदा एका चालकावर आणि एका डिझेल इंजिनावर ठरते. म्हणून ते इंजिन सुरू न झाल्यास त्याचे निदान कसे करतात, हे मी मुद्दाम समजून घेतले. त्या समजुतीचा उपयोग मला गॅरेजपेक्षा कार्यालयात अधिक झाला. आज त्याविषयी लिहितो.

आधी इंजिनाची थोडी ओळख. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1892 मध्ये आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1897 मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवावे लागते, डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने साधारण सोळा-सतरा पटींनी दाबली जाते आणि त्या दाबानेच ती इतकी तापते की तिच्यात बारीक फवाऱ्याने सोडलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे इंजिन सुरू होण्यासाठी मुळात तीनच गोष्टी हव्यात. ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, त्याला हवा मिळून ती नीट दाबली गेली पाहिजे आणि योग्य क्षणी योग्य दाबाने डिझेल आत गेले पाहिजे. इंजिन उठत नसेल तर या तिघांपैकी किमान एक गोष्ट घडत नाही. चौथे कारण संभवत नाही.

हे वाक्य वाचायला सोपे आहे. पण इंजिन बंद पडल्यावर भोवती जमलेल्या पाच माणसांपैकी चार जण ते विसरतात. एक म्हणतो पंप गेला, दुसरा म्हणतो बॅटरी बदला, तिसरा पाना घेऊन दिसेल तो नट सैल करू लागतो.

खिंड बंद होण्यापूर्वीचे दिवस

नोव्हेंबर 2008 मधील गोष्ट आहे. मी त्या वेळी हिमाचल प्रदेशात होतो आणि लाहौल खोऱ्याच्या हिवाळी साठ्याचे काम माझ्याकडे होते. त्या काळी लाहौलला जाण्याचा मुख्य मार्ग 3978 मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीतून होता. नोव्हेंबर-डिसेंबरात एकदा बर्फाने खिंड मिटली की पुढे काही महिने ट्रक जात नसत. म्हणून त्याआधी गहू, तांदूळ, केरोसीन, औषधे, सरपण असे सर्व काही आत पोचवावे लागे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यावर हे चित्र पालटले. 2008 मध्ये मात्र आमचे कॅलेंडर बर्फच ठरवीत असे.

केलांगला एक ट्रक धान्य घेऊन आला आणि रात्री मुक्कामाला थांबला. पहाटे पारा शून्याच्या बराच खाली गेला आणि सकाळी ट्रक उठेना. त्यातील धान्य पुढच्या गावांत उतरवायचे होते. ट्रक ज्या खात्याचा होता त्याच्या कार्यालयातून दुपारपर्यंत एक टिपण माझ्या टेबलावर आले. त्यात तीन वाक्ये होती. चालकाने वाटेत डिझेल विकून त्यात केरोसीनची भेसळ केली असावी. त्यामुळे इंधनाचा पंप निकामी झाला आहे. सबब नवा पंप मागवावा आणि रोजंदारीवरील सदर चालकास कामावरून कमी करावे.

टिपणाची भाषा निर्दोष होती. खाली दोन सह्याही होत्या. परंतु त्या तीन वाक्यांपैकी एकही कोणी तपासलेले नव्हते. पंप मैदानी भागातून यायला आठवडा लागला असता आणि तेवढ्यात खिंड मिटली असती, तर धान्य केलांगलाच अडकले असते. चालक रोजंदारीवर असल्याने त्याला काढण्यासाठी विभागीय चौकशीचीही गरज नव्हती, एक ओळीचे पत्र पुरेसे होते. त्याचे गाव शेकडो किलोमीटर दूर होते आणि घरी वर्षभर पैसे पाठवणारा तो एकटाच होता. चोरीचा शिक्का घेऊन गेलेल्या चालकाला दुसरा मालक गाडी देत नाही, हे तेथे सर्वांना ठाऊक होते. मी टिपणावर "प्रथम निदान व्हावे" एवढेच लिहिले आणि सैन्याच्या ईएमई विभागातून निवृत्त झालेल्या एका मिस्त्रींना बोलावणे धाडले.

मिस्त्रींचे प्रश्न

मिस्त्री आले, त्यांनी पेटी खाली ठेवली आणि ती उघडलीच नाही. मी विचारले, "उस्तादजी, आधी पंप पाहणार का?" ते म्हणाले, "साहब, पहले पूछेंगे, फिर खोलेंगे." चालकाला त्यांनी जवळ बसवले आणि गाडी शेवटची केव्हा चालली, कशी चालली, त्यानंतर तिला कोणी हात लावला का, हे शांतपणे विचारले. चालक म्हणाला की काल संध्याकाळपर्यंत गाडी चांगली चालली, फक्त शेवटच्या टप्प्यात ओढ किंचित कमी वाटली. रात्री कोणी हात लावला नाही. मिस्त्रींनी मान डोलावली. रात्रीपर्यंत चालणारे इंजिन उभ्या उभ्या एका रात्रीत झिजत नाही. म्हणजे दट्टे, रिंगा, व्हॉल्व अशा जड कारणांची शक्यता मागे पडली आणि रात्रीत काय बदलले, हा प्रश्न पुढे आला.

मग त्यांनी चालकाला सेल्फ मारायला सांगितले आणि स्वतः नुसते ऐकत राहिले. सेल्फ मारल्यावर मुळीच आवाज नसेल किंवा फक्त टक् असा आवाज येत असेल, तर बॅटरी, तिच्या तारा, सोलेनॉइड आणि स्टार्टर यांच्याकडे पाहायचे, डिझेलकडे नाही. इंजिन फिरते पण रेंगाळत फिरते, तर हवा पुरेशी तापण्याआधीच तिची उष्णता थंड सिलिंडरात जिरते. इंजिन जोमाने फिरूनही उठत नसेल तरच इंधनाकडे जायचे.

आमचा ट्रक रेंगाळत होता. जमलेल्यांपैकी एकाने लगेच निकाल दिला की बॅटऱ्या संपल्या. मिस्त्रींनी मीटर लावला. दोन्ही बॅटऱ्या मिळून 25 व्होल्टच्या आसपास दाखवत होत्या, म्हणजे त्या भरलेल्या होत्या. मग त्यांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे थेट इंजिनाच्या ठोकळ्याला लावून सेल्फ मारायला लावला. चांगल्या जोडणीत येथे फार तर अर्ध्या व्होल्टचा फरक दिसावा, आमच्याकडे तो दोन व्होल्टहून अधिक होता. अर्थिंगची पट्टी चासीला जेथे जोडली होती तेथे गंज आणि चिखल साचला होता. ती खोलून, घासून, घट्ट बसवली. इंजिन आता जोमाने फिरू लागले. पण उठले नाही.

येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली, जी मला पुढे अनेक चौकशांत आठवली. एक खरा दोष सापडला होता, तो दुरुस्तही झाला होता, पण तो एकमेव दोष नव्हता. पहिला दोष सापडताच समाधान मानून थांबणारा मनुष्य येथे गोंधळतो आणि हातातील कामच चुकले असे समजून उलट फिरतो. मिस्त्रींनी तसे केले नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणून ते दुसऱ्या प्रश्नाकडे गेले.

दुसरा प्रश्न सायलेन्सरला विचारायचा. इंजिन फिरत असताना त्यातून धूर येतो का आणि कोणत्या रंगाचा? पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जात आहे पण पेटत नाही, म्हणजे इंजिन फार थंड आहे, दाब कमी आहे किंवा फवाऱ्याची वेळ चुकते आहे. काळा धूर येत असेल तर डिझेल आहे, हवा अपुरी आहे, म्हणून एअर फिल्टर पाहायचा. एक्झॉस्ट ब्रेकची झडप बंद स्थितीत अडकली तरीही इंजिनाचा श्वास कोंडतो. आणि धूर मुळीच नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. आमच्या सायलेन्सरमधून काहीही येत नव्हते.

आता शोध टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या एका नळीपुरता उरला होता. टाकीत डिझेल होते. इंजिन बंद करण्याची स्टॉप केबल पूर्ण आत होती. मग फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप मारला. चार थेंब आले आणि पुढे काही नाही. नळीत नुसती हवा शिरली असती तर बुडबुडे येत राहून मागून डिझेल आले असते. येथे मार्गच बंद होता. म्हणजे ज्या मोठ्या पंपावर टिपणात दोष ठेवला होता, त्याच्यापर्यंत डिझेल पोचलेलेच नव्हते. त्याला दोषी ठरवण्यास कसलाही आधार नव्हता.

बाटलीतला पुरावा

फीड पंपाच्या तोंडाशी काचेची छोटी वाटी होती. मिस्त्रींनी ती सोडवून आणली. आतला द्रव पांढुरका, दाट आणि गढूळ दिसत होता.

आपल्याकडे पुण्यात किंवा नाशकात डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली थिजलेली असते आणि आई ती उन्हात ठेवते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. डिझेलमध्ये मेणासारखे घटक विरघळलेले असतात. थंडी वाढली की त्यांचे स्फटिक बनू लागतात. आधी डिझेल गढूळ होते, मग ते स्फटिक फिल्टरच्या जाळीवर साचून ती बंद करतात आणि अखेर सारे डिझेलच वाहणे थांबवते. म्हणूनच भारतीय मानकात डिझेलच्या या गुणासाठी हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची मर्यादा वेगवेगळी आहे. वाहणे थांबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळ्यात 3 अंश आणि उन्हाळ्यात 15 अंश सेल्सिअस आहे. मैदानात उन्हाळी प्रतीचे डिझेल अगदी योग्य असते, केलांगच्या नोव्हेंबरात ते थिजते.

पण मिस्त्री अंदाजावर थांबणारे नव्हते. पाणी गोठले तरीही मार्ग बंद होतो आणि भेसळीचा आरोप तर लेखी होता. त्यांनी त्या ट्रकच्या टाकीतून एक बाटली भरली. त्याच अंगणात रात्र काढून सकाळी सहज सुरू झालेला दुसरा ट्रक उभा होता, त्याच्या टाकीतूनही एक बाटली घेतली. दोन्ही बाटल्या कार्यालयात बुखारीजवळ ठेवल्या. अर्ध्या तासात दोन्ही स्वच्छ झाल्या आणि तळाशी पाण्याचा थर दिसला नाही. त्या पुन्हा बाहेरच्या थंडीत ठेवल्या. आमची बाटली लवकर गढूळली, दुसरी बराच वेळ स्वच्छ राहिली.

मग मी पुरवठा निरीक्षकांना त्यांचा घनतामापक घेऊन बोलावले. स्वच्छ झालेल्या डिझेलची घनता मोजून ती तक्त्याने 15 अंशांवर आणली. ती मूळ चलनावर छापलेल्या घनतेशी जुळली. केरोसीन डिझेलहून हलके असते, ते पुरेसे मिसळले असते तर घनता उतरली असती. शिवाय केरोसीन मिसळलेले डिझेल अधिक उशिरा थिजते, लवकर नाही. चालकाने खरोखरच तशी भेसळ केली असती तर गाडी सकाळी सुरू होण्याची शक्यता वाढली असती. म्हणजे आरोप नुसता पुराव्याविना नव्हता, तो लक्षणाच्या नेमका विरुद्ध होता.

राहिला प्रश्न की दोन ट्रकांत फरक का? त्याचे उत्तर कागदात होते. दुसऱ्या चालकाने चार दिवसांपूर्वी वाटेतल्या पंपावर डिझेल भरले होते. आमच्या चालकाला मात्र वार्षिक दरकरारामुळे खात्याच्या मैदानातील डेपोतूनच टाकी भरण्याचा लेखी आदेश होता आणि डेपोत ऑगस्टमध्ये घेतलेला साठा शिल्लक होता. ज्या आदेशाने गाडी बंद पडली तो पाळणारा चालक दोषी ठरत होता आणि तो काढणारे कार्यालय टिपण लिहीत होते.

ट्रक हलवण्याचा प्रश्न अजून होता. कोणी सुचवले की टाकीखाली शेकोटी पेटवू. पहाडात हे सर्रास करतात आणि त्यात माणसे भाजतात, म्हणून ते नाकारले. दुसरी सूचना अधिक मोहक होती. गोदामात केरोसीनचे पिंप होते, वीस लिटर ओतले असते तर काम झाले असते. परंतु ते केरोसीन हिवाळ्यात लोकांच्या चुलींसाठी आणलेले होते आणि सार्वजनिक वितरणाचे केरोसीन वाहनात वापरण्यास 1993 च्या केरोसीन नियंत्रण आदेशाने मनाई आहे. ज्या गोष्टीच्या संशयावरून एका माणसाची नोकरी जात होती, तीच गोष्ट आम्ही सरकारी सोयीसाठी करणे शक्य नव्हते. गरम पाण्यात भिजवलेली पोती नळ्यांवर आणि फिल्टरवर गुंडाळली, फिल्टरचे काडतूस बदलले, वाटी धुतली, ऊन चढू दिले. अकराच्या सुमारास हातपंपाला स्वच्छ धार लागली, हवा काढली आणि ट्रक पांढऱ्या धुराचे दोन लोट सोडून उठला. एकदा इंजिन चालले की पंपाकडून परतणारे कोमट डिझेल टाकी हळूहळू तापवते, म्हणून माल उतरेपर्यंत इंजिन बंद करू नये अशी सूचना देऊन ट्रक रवाना केला. एकूण खर्च एका फिल्टरचा आणि मिस्त्रींच्या मजुरीचा.

टिपणावर मी निदानाचा क्रम, मीटरचे आकडे, घनता आणि दोन्ही चलनांच्या तारखा लिहिल्या, चालकाविरुद्धचा प्रस्ताव अमान्य केला आणि ऑक्टोबरनंतर खिंडीपलीकडे जाणाऱ्या वाहनांनी हिवाळी प्रतीचेच डिझेल भरावे असा आदेश काढण्याची शिफारस केली. तो आदेश निघाला. चालक त्या मोसमात आणखी दोन खेपा करून गेला.

आजचे इंजिन

त्यानंतर तंत्र पुष्कळ बदलले. 1 एप्रिल 2020 पासून देशात भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. आज जड ट्रकांत कॉमन रेल पद्धत आहे, डिझेलचा दाब हजार बारच्या कितीतरी पुढे जातो आणि फवाऱ्याचा क्षण संगणक ठरवतो. जुन्या सवयीने नळीचा नट सैल करून सेल्फ मारणे आता जीवघेणे आहे, ती धार कातडी भेदून आत शिरते. थंडीचा प्रश्नही सरकारी पातळीवर ओळखला गेला. नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल पंपावर उपलब्ध करण्यात आले.

मिस्त्रींच्या हाती आता स्कॅनर आला आहे. तो जोडला की पडद्यावर एक संकेत येतो, समजा "रेलमधील दाब कमी". बरेच तरुण कारागीर तो वाचून थेट रेलचा सेन्सर किंवा पंप बदलतात. पण दाब कमी असण्याची कारणे अनेक आहेत. टाकी रिकामी असेल, फिल्टर तुंबला असेल, नळी हवा ओढत असेल, इंजेक्टरमधून डिझेल मागे गळत असेल, किंवा खरोखरच सेन्सर खोटे बोलत असेल. संकेत फक्त लक्षण सांगतो, कारण आपल्यालाच शोधावे लागते. इंजिन फिरते का, धूर आहे का, डिझेल कुठवर पोचते, हे प्रश्न आजही त्याच क्रमाने विचारावे लागतात.

कार्यालयासाठी चार नियम

प्रशासनात आपल्यापुढे रोजच न उठणारी इंजिने येतात. निवृत्तिवेतन मिळत नाही, शाळेत धान्य पोचत नाही, नळ आहे पण पाणी नाही. आपली पहिली प्रतिक्रिया पुष्कळदा त्या टिपणासारखी असते. एक सुटा भाग बदला आणि एका माणसाला काढा. दोन्ही गोष्टींनी काहीतरी केल्याचे समाधान मिळते, पण योजना बंदच राहते. त्या मिस्त्रींच्या पद्धतीतून मी पुढील नियम घेतले आणि कनिष्ठ सहकाऱ्यांना देत आलो.

पहिला, उघडण्यापूर्वी विचारा, आणि ज्याच्या हातात गाडी होती त्यालाच आधी विचारा. दुसरा, असा प्रश्न निवडा की ज्याच्या उत्तराने निम्म्या शक्यता बाद होतील. निवृत्तिवेतन अडले असेल तर मंजुरी निघाली का, हे आधी पाहा. निघाली असेल तर वरची सारी कार्यालये सुटली आणि शोध कोषागार व बँक यांच्यापुरता उरला. तिसरा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर योजना सुरू झाली तरी कशाने झाली हे कळत नाही आणि पुढच्या वर्षी तोच दोष परततो. चौथा, दोष माणसाचा आहे असे लिहिण्यापूर्वी, तो माणूस कोणता आदेश पाळत होता ते पाहा.

यांतील कोणत्याही नियमाला जादा निधी लागत नाही, शासन निर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही. त्या दिवशी केलांगला दोन बाटल्या, एक मीटर आणि एक घनतामापक एवढेच साहित्य लागले होते. आपापल्या राज्यात, आपापल्या कार्यालयात जे मराठी वाचक अधिकाराच्या जागेवर आहेत, त्यांनी आपल्या टेबलावरील एक तरी टिपण या चार नियमांनी तपासून पाहावे. त्यातील "असावी" आणि "सबब" या दोन शब्दांच्या मध्ये कोणी काही मोजले आहे का, एवढे पाहिले तरी पुरे.